दाबाखालची हवा आणि खेळाडूंचे स्नायू

१९२८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात, ईरी सरोवराच्या काठाजवळ, एक पोलादी गोळा उभा राहिला. व्यास ६४ फूट, वजन सुमारे ९०० टन, आत पाच मजले आणि जहाजाला असतात तशा गोल खिडक्या. हे रुग्णालय होतं. रोलर बेअरिंगच्या धंद्यात गडगंज झालेले हेन्री टिमकेन यांनी ते स्वतःच्या पैशानं बांधून दिलं होतं. ऑर्व्हल कनिंगहॅम या डॉक्टरांच्या उपचारावर त्यांचा पूर्ण विश्वास बसला होता. उपचार एकच होता. गोळ्यात दाबाखाली हवा भरायची, रोग्यांनी त्यात दिवसच्या दिवस राहायचं. मधुमेह, कर्करोग, गुप्तरोग अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या आजारांवर तिथं हाच इलाज चाले. प्राणवायूवाचून वाढणारे जंतू या सगळ्यांच्या मुळाशी आहेत, असं कनिंगहॅम यांचं म्हणणं होतं.

आज दुखावलेल्या स्नायूंसाठी खेळाडू ज्या काचेच्या नळकांड्यात किंवा फुगवलेल्या पिशवीत तासभर पडून राहतात, तिचं नातं या गोळ्याशी आहे. पण हे नातं सरळ नाही. उच्च दाबाखाली प्राणवायू देण्याच्या उपचाराला, म्हणजे हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपीला, एक भक्कम, कष्टानं सिद्ध झालेला इतिहास आहे. त्याच्या शेजारून दुसरा एक इतिहास चालत आला आहे. त्यात यंत्र आधी येतं, कीर्ती लगेच येते आणि पुरावा मागाहून शोधला जातो.

माणसाला दाबाच्या हवेत बसवून बरं करण्याची कल्पना प्राणवायूच्या शोधापेक्षाही जुनी आहे. नॅथॅनिएल हेनशॉ या इंग्रज वैद्यानं १६६२ साली भात्यांनी हवा भरता आणि काढता येईल अशी बंद खोली सुचवली. प्रीस्टलीनं प्राणवायू वेगळा काढायला त्यानंतर शंभरावर वर्षं जायची होती. १८३०च्या दशकात फ्रान्समध्ये अशा खोल्यांची लाटच आली. पुढे इंजेक्शनच्या सिरिंजशी ज्याचं नाव जोडलं गेलं त्या शार्ल प्राव्हाझनं १८३७ साली ल्यों शहरात एकाच वेळी बारा रोगी बसतील एवढा कक्ष उभारला. ‘हवेचं स्नान’ घ्यायला श्रीमंत घरची माणसं तिथं जात. दम्यापासून खोकल्यापर्यंत सगळ्याला ते गुणकारी मानलं जाई. या स्नानांतून वैद्यकाच्या पदरात टिकाऊ असं फारसं काही पडलं नाही.

जे पडलं ते चिखलात काम करणाऱ्या मजुरांमुळे. झाक ट्रिझे या फ्रेंच खाण-अभियंत्याला लुआर नदीच्या वाळूखालचा कोळसा काढायचा होता. खणलेल्या विहिरीत पाणी भरे. त्यानं विहिरीत लोखंडी नळकांडं उतरवलं, वरून बंद केलं आणि आत एवढ्या दाबानं हवा भरली की पाणी बाहेरच थोपलं गेलं. माणसं कोरड्या तळावर उभी राहून खणू लागली. पुलांचे पाये घालताना आपले इंजिनिअर ज्याला केसन म्हणतात, त्याचा हा उगम. १८४१च्या त्याच्या वृत्तांतात एक नोंद आहे. सात तास आत काम करून वर आलेल्या दोन मजुरांचे सांधे विलक्षण ठणकू लागले. ट्रिझेनं दारूच्या अर्कानं त्यांची अंगं चोळून घेतली.

पुढे पोल आणि वातेल या दोन फ्रेंच डॉक्टरांनी अशाच एका खाणीतल्या मजुरांवर बारकाईनं लक्ष ठेवलं. दाबात शिरताना आणि दाबात राहताना माणसाला विशेष त्रास होत नाही, धोका बाहेर पडण्यात आहे, असं त्यांनी १८५४ साली लिहून ठेवलं. दुखणं घेऊन बाहेर आलेला मजूर पुन्हा दाबात गेला तर त्याचं दुखणं ओसरतं, हेही त्यांच्या ध्यानात आलं. पुढच्या सगळ्या दाबवैद्यकाचं बीज या एका निरीक्षणात होतं. तरीही ते अमलात यायला पस्तीस वर्षं लागली, आणि त्या पस्तीस वर्षांत किती माणसं लुळी झाली, किती मेली, याचा विचार मनाला टोचल्याशिवाय राहत नाही.

सेंट लुईस इथं मिसिसिपी नदीवर जेम्स ईड्स पूल बांधत होते. १८७० साली खोल पायात काम करणारी माणसं वर आल्यावर कोसळू लागली आणि डझनाहून अधिक मेली. कामगारांवर उपचार करणारे डॉ. अल्फोन्स जामिने स्वतः खाली उतरले, घाईनं वर आले आणि काही काळ अर्धांगवायूनं पडून राहिले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ साली याच आजारानं अंथरुणाला खिळले. साइटवरचं काम त्यांच्या पत्नी एमिली यांनी पुढे नेलं आणि १८८३ साली पूल खुला झाला. तिथले डॉक्टर अँड्र्यू स्मिथ यांनी, आजारी मजुराला पुन्हा दाबात घेण्यासाठी वेगळा कक्ष असावा, अशी सूचना आपल्या अहवालात केली होती. ब्रुकलिनमध्ये तो कक्ष कधी आला नाही.

तो आला हडसन नदीखालच्या बोगद्यात. १८९०च्या सुमारास अर्नेस्ट मॉयर हे अभियंता तिथं रुजू झाले, तेव्हा ४५-५० मजुरांमागे महिन्याला एक मृत्यू होत होता. मॉयर यांनी बाहेर बॉयलरसारखा एक लोखंडी कक्ष ठेवला. ज्याला त्रास होई त्याला त्यात घेऊन दाब वाढवायचा आणि मग सावकाश, फार सावकाश उतरवायचा. पुढच्या पंधरा महिन्यांत सुमारे १२० मजुरांपैकी दोघेच दगावले. या उपचाराचा हा पहिला मोठा हिशेब, आणि तो मजुरांच्या जिवावर मांडला गेला.

या आजाराचं कारण तोवर कळलं होतं. पॅरिसचे शरीरशास्त्रज्ञ पोल बेर यांनी १८७८ साली दाखवून दिलं की दाबाखाली रक्तात आणि ऊतींत जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. सोड्याच्या बाटलीचं बूच उडवल्यावर व्हावं तसं, दाब एकदम उतरला की त्याचे बुडबुडे होतात आणि ते रक्तवाहिन्या अडवतात. त्या वर्षीच्या आपल्या पुस्तकात बेर यांनी दुसरीही गोष्ट नोंदवली. जास्त दाबाचा शुद्ध प्राणवायू प्राण्यांना आकडी आणतो, प्रसंगी मारतोही. आजही कक्षात प्राणवायू किती दाबानं आणि किती वेळ द्यायचा याची मर्यादा या शोधावरच बेतलेली आहे. १९०८ साली ब्रिटनमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन आणि सहकाऱ्यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून पाणबुड्यांसाठी टप्प्याटप्प्यानं वर येण्याची कोष्टकं तयार केली. केसनमध्ये उतरणारे हात आपल्याकडेही होते. कलकत्त्याच्या हावडा पुलाच्या पायासाठी १९३०च्या दशकाअखेर दर चौरस इंचाला सुमारे ४० पौंड दाबाच्या हवेत काम चाललं होतं आणि त्यावर पाचशेच्या आसपास कामगार होते.

कनिंगहॅम यांना ही सगळी परंपरा आयती मिळाली होती. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत डोंगरावरचे, विरळ हवेतले रोगी जास्त दगावतात असं त्यांना वाटलं आणि दाट हवेनं फायदा व्हावा असा तर्क त्यांनी केला. तर्क अगदीच वेडगळ नव्हता. पण साथ संपल्यावर ते थांबले नाहीत. रोगांची यादी वाढत गेली, टाक्या मोठ्या होत गेल्या. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं पुरावा मागितला तेव्हा देण्याजोगं त्यांच्याकडे काही नव्हतं. पोलादी गोळा १९३०च्या दशकातच बंद पडला आणि दुसऱ्या महायुद्धात भंगारात गेला. त्याच काळात, १९३७ साली, अमेरिकी नौदलाचे डॉक्टर बेन्की आणि शॉ पाणबुड्यांच्या उपचारात साध्या हवेऐवजी प्राणवायू वापरण्याची रीत बसवत होते. तिथं रोग्याचं दुखणं ओसरतं की नाही, हे पाहता येत होतं.

साध्या हवेत श्वास घेणाऱ्या निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन जवळजवळ पूर्ण भरलेलंच असतं. त्याच्यावर आणखी प्राणवायू लादता येत नाही. दाब वाढवल्यावर जो जास्तीचा जातो तो रक्तद्रवात विरघळून जातो. नेहमीच्या हवेत १०० मिलिलिटर रक्तात असा विरघळलेला प्राणवायू ०.३ मिलिलिटर असतो. तीन वातावरणांच्या दाबाला, म्हणजे समुद्रात २० मीटर खोलीवर असतो तेवढ्या दाबाला, शुद्ध प्राणवायू घेतला की तो सहा मिलिलिटरच्या आसपास जातो. विश्रांतीच्या वेळी शरीराला साधारण एवढाच लागतो. ॲम्स्टरडॅमचे शल्यविशारद इटे बूरेमा यांनी हे गणित जिवंत करून दाखवलं. त्यांनी डुकराच्या पिल्लांचं रक्त काढून त्या जागी हिमोग्लोबिन जवळपास नसलेला द्रव भरला आणि दाबकक्षात त्यांना प्राणवायू दिला. पिल्लं जगली, पुन्हा रक्त भरल्यावर ठणठणीत झाली. १९६०च्या त्या निबंधाचं नावच ‘रक्ताविना जीवन’ असं होतं. लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करायला वेळ मिळावा यासाठी बूरेमा धडपडत होते. हार्ट-लंग मशीननं पुढे ती गरज संपवली, पण त्यांचे सहकारी ब्रुमेलकांप यांनी १९६१ साली दाखवलेला गॅस गँगरीनवरचा परिणाम टिकून राहिला.

त्यानंतर जे आजार कसोटीला उतरले त्यांची यादी बनली: कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, किरणोपचारानं झालेल्या जखमा, बऱ्या न होणाऱ्या मधुमेही जखमा, आणि चिरडलेले हातपाय. शेवटचा आजार खेळाडूंच्या प्रश्नाजवळ येतो, म्हणून तिथं जरा थांबायला हवं. फ्रान्समध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हातपाय चिरडलेले ३६ रुग्ण होते. निम्म्यांना शस्त्रक्रियेनंतर कक्षात प्राणवायू दिला, निम्म्यांना त्याच कक्षात लटका उपचार. पहिल्या १८ पैकी १७ जणांच्या जखमा पूर्ण भरल्या, दुसऱ्या १८ पैकी १० जणांच्या. अशा जखमेत रक्तवाहिन्या तुटलेल्या असतात, सूज रक्ताची वाट दाबून टाकते आणि मांस खरोखरच गुदमरतं. रक्तद्रवात विरघळलेला प्राणवायू तिथं जीव वाचवतो.

मग ताणलेल्या हॅमस्ट्रिंगचं काय? हा प्रश्न मैदानावर पोहोचला तो उत्तर समुद्राच्या वाटेनं. १९७०च्या दशकात तिथं तेलविहिरींचं काम वाढलं, पाणबुडे वाढले, त्यांच्यासाठी स्कॉटलंडमध्ये कक्ष आले. डंडी विद्यापीठाचे फिलिप जेम्स त्याच पाणबुड्यांच्या वैद्यकातले. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना हा उपचार मिळावा म्हणून त्यांनी हिरीरीनं प्रचार केला. नंतरच्या चाचण्यांनी ती आशा उचलून धरली नाही. १९९३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह फिजिओथेरपीच्या एका नियतकालिकात स्कॉटिश व्यावसायिक फुटबॉलपटूंबद्दल लिहिलं. प्राणवायू घेतलेल्या खेळाडूंचे दुखापतीमुळे वाया जाणारे दिवस ५५ टक्क्यांनी घटले, असा तो दावा होता. हा आकडा जगभर फिरला, आणि आजही जाहिरातींतल्या ‘निम्म्या वेळात बरे व्हा’ या भाषेत त्याचा सूर ऐकू येतो. तो काढला कसा, हे फार थोड्यांनी पाहिलं. हा खेळाडू किती दिवसांत बरा होईल याचा अंदाज फिजिओथेरपिस्टनं आधी बांधला होता, आणि प्रत्यक्ष लागलेले दिवस त्या अंदाजाशी ताडून पाहिले होते. उपचार न घेतलेल्या खेळाडूंचा गट तिथं नव्हता.

यानंतरची काही वर्षं या इतिहासातली सगळ्यात प्रामाणिक वर्षं म्हणावी लागतील. अमेरिकेत टॉमस बेस्ट आणि सहकाऱ्यांनी सशांच्या पायाचा स्नायू मुद्दाम ताणून दुखावला आणि त्यांना पाच दिवस प्राणवायू दिला. सातव्या दिवशी उपचार घेतलेल्या पायांची ताकद सुमारे १५ टक्क्यांनी कमी होती, न घेतलेल्यांची सुमारे ४८ टक्क्यांनी. कॅनडात व्हँकुव्हरच्या संशोधकांनी तरुणांच्या मांड्यांना कठोर व्यायाम देऊन त्या दुखावल्या. ताकद परत येण्यात थोडा फायदा दिसला, वेदनेत मात्र काही फरक पडला नाही. दुसऱ्या प्रयोगांनी तोही फायदा दाखवला नाही. मुरगळलेल्या घोट्याच्या ३२ रुग्णांच्या चाचणीत दोन्ही गट सारख्याच वेळात बरे झाले.

२००५ साली कोक्रेन या संस्थेनं हे सगळं एकत्र तपासलं. नऊ छोट्या चाचण्या, मिळून २१९ माणसं. फायद्याचा पुरावा सापडला नाही. उलट व्यायामानंतर दुखणाऱ्या स्नायूंना प्राणवायू दिलेल्या माणसांना ४८ आणि ७२ तासांनी अधिक वेदना होत असल्याचं दिसलं. या अहवालाच्या लेखकांत सशांवर प्रयोग करणारे बेस्ट होते आणि व्हँकुव्हरच्या चमूतले जॅक टॉन्टन होते. ज्यांच्या स्वतःच्या प्रयोगांनी आशा दाखवली होती, त्यांनीच ‘अजून नाही’ या निष्कर्षाखाली सही केली. विज्ञानाबद्दल आदर वाटावा असा हा प्रसंग आहे, पण त्याची बातमी कुठल्या क्रीडापानावर गाजली नाही.

क्रीडापानं त्या वर्षी दुसऱ्याच गोष्टीनं भरली होती. अमेरिकन फुटबॉलचा टेरेल ओवेन्स १९ डिसेंबर २००४ रोजी घोट्याजवळचं हाड मोडून आणि लिगामेंट फाटून बाहेर गेला. शस्त्रक्रियेत प्लेट आणि स्क्रू बसवले गेले. सात आठवड्यांनी, ६ फेब्रुवारी २००५ रोजी, शल्यविशारदाची परवानगी नसताना तो सुपर बोलच्या, म्हणजे अंतिम सामन्याच्या, मैदानात उतरला आणि त्यानं १२२ यार्डांची कमाई केली. संघ हरला, पण मधल्या आठवड्यांत तो दाबकक्षात झोपत असे ही माहिती लाखो लोकांच्या लक्षात राहिली. प्लेट, स्क्रू, फिजिओथेरपी, त्याची विलक्षण काया आणि खेळण्याची जिद्द या सगळ्यातून कक्षाचा वाटा वेगळा काढणं कुणालाच शक्य नव्हतं. पण ज्याची कारकीर्द दहा-बारा वर्षांची असते आणि ज्याचा एकेक सामना आयुष्य बदलू शकतो, तो खेळाडू चाचण्यांच्या निकालासाठी थांबत नाही. त्याला दोष देता येत नाही. त्याची अधीरता विकणाऱ्यांना मात्र द्यावा लागतो.

पुढच्या काही वर्षांत दोन विरुद्ध गोष्टींची सरमिसळ झाली. जलतरणपटू मायकेल फेल्प्स २०१२ साली ज्या कक्षात झोपत होता, त्यात प्राणवायू कमी ठेवलेला असे, आठ-नऊ हजार फूट उंचीवर असतो तेवढा. शरीरानं जास्त तांबड्या पेशी तयार कराव्यात हा त्यामागचा हेतू. दाबकक्षाच्या तो नेमका उलट, पण बातम्यांत दोन्हींना सर्रास ‘ऑक्सिजन चेंबर’ म्हटलं गेलं.

घरोघरी पोहोचलेल्या मऊ पिशवीची कहाणी आणखी निराळी. ‘वन टू थ्री... इन्फिनिटी’ लिहिणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमोव यांचे चिरंजीव इगोर गॅमोव कोलोरॅडो विद्यापीठात होते. त्यांनी १९८०च्या दशकात गिर्यारोहकांसाठी पायपंपानं फुगवायची पिशवी बनवली. हिमालयात उंचीचा आजार झालेल्या माणसाला तीत झोपवलं की तो काही हजार फूट खाली उतरल्यासारखा होतो आणि प्रत्यक्ष खाली नेईपर्यंत जिवंत राहतो. त्या पिशवीनं खरोखर माणसं वाचवली आहेत. तिच्याच धर्तीच्या १.३ वातावरणांच्या पिशव्या आज जिममध्ये आणि वेलनेस सेंटरमध्ये समुद्रसपाटीवर वापरल्या जातात, बहुतेक वेळा साध्या हवेनं फुगवून. हवेत प्राणवायू २१ टक्के, दाब १.३ पट. म्हणजे आतल्या माणसाला बाहेर सुमारे २७ टक्के प्राणवायूची हवा हुंगल्याइतकाच लाभ. साध्या मास्कनं याहून जास्त मिळतो. बूरेमांच्या पिल्लांना ज्या दाबानं जगवलं, त्याच्याशी या पिशवीचा काही संबंध नाही.

खऱ्या कक्षाला मात्र जपावं लागतं, कारण प्राणवायूत ठिणगी भडका होते. १९९७ साली मिलानच्या एका रुग्णालयात कक्षाला आग लागून ११ जण गेले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात एका केंद्रात पाच वर्षांच्या मुलाचा जीव गेला. मुंबईत कुलाब्याला आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात पाणबुड्यांचं वैद्यक जोपासलं गेलं आहे. अशा ठिकाणी कक्ष चालवणं हे शिकून घ्यायचं काम मानतात. आत जाणाऱ्याच्या अंगावर सुती कपडे, खिशात काही नाही, केसाला तेल नाही, कान मोकळे होतात की नाही याची आधी तपासणी.

अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं २०१३ साली लोकांना सावध करणारं पत्रक काढलं. ज्या आजारांसाठी या उपचाराला मान्यता नाही त्यांच्या यादीत खेळातल्या दुखापतीही होत्या.

प्रश्न मात्र बंद झालेला नाही. टोकियोच्या तत्कालीन वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय विद्यापीठातले संशोधक रग्बी खेळाडूंवर उपचार करत आले होते. २०१८ साली त्यांनी उंदरांच्या पोटऱ्यांना मार देऊन केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. दाबाखालच्या प्राणवायूनं सूज कमी झाली आणि स्नायू नव्यानं घडवणाऱ्या पेशी लवकर कामाला लागल्या. मार लागून सुजलेला स्नायू आणि धावताना ताणला गेलेला स्नायू या दोन वेगळ्या दुखापती आहेत. पहिल्या प्रकारात रक्त अडतं, दुसऱ्यात बहुधा अडत नाही. माणसांवरच्या जुन्या चाचण्यांपैकी बऱ्याच दुसऱ्या प्रकाराच्या जवळच्या होत्या. आता हवी ती पहिल्या प्रकाराची चाचणी: सुजलेले खेळाडू, दोन गट, दोघांच्याही कानाला दाब जाणवेल असा कक्ष, आणि खरा प्राणवायू कुणाला मिळतो आहे हे खेळाडूलाही ठाऊक नाही, मोजणाऱ्यालाही नाही.